डाया किती?

शाळेतल्या वर्तुळाचा जन्म मध्यभागी होतो. कंपासचं टोक वहीत रोवायचं आणि पेन्सिलीचा पाय गोल फिरवायचा. टोक रोवलं ते केंद्र, टोकापासून रेषेपर्यंतचं अंतर ती त्रिज्या. त्रिज्या दुप्पट केली की व्यास, आणि व्यासाला बावीस सप्तमांशाने गुणलं की परीघ. हा क्रम आपल्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो, की वर्तुळ म्हटलं की आधी त्रिज्याच आठवते.

आता जरा पिंपरी-चिंचवडकडे या. भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात शिरा, नाहीतर चाकणच्या मोठ्या कारखान्यात जा. तिथे दिवसभर गोल वस्तूच घडत असतात. शाफ्ट, पिस्टन, बुश, बेअरिंग, गिअर, ब्रेकचे ड्रम, वॉशर. मोटारगाडी बाहेरून कितीही चौकोनी दिसो, आतून ती गोल वस्तूंचं गाठोडंच असते. पण एवढ्या गोलांच्या राज्यात त्रिज्येचं नाव क्वचितच कानावर पडतं. ड्रॉइंग हातात आलं की टर्नरचा पहिला प्रश्न असतो, ‘‘डाया किती?’’ डाया म्हणजे डायमीटर, आपला व्यास. बाहेरचा व्यास तो ‘ओडी’, भोकाचा व्यास तो ‘आयडी’. ‘रेडियस’ हा शब्द येतो तो बहुतेक कोपऱ्याच्या गोलाईपुरता.

असं का व्हावं? बँकेच्या नोकरीतली बरीच वर्षं मी या पट्ट्यातल्या लघुउद्योगांच्या कर्जखात्यांवर होतो. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची यंत्रं बँकेकडे तारण असत आणि ती जागेवर आहेत ना, हे बघायला गाळ्यागाळ्यांतून फिरावं लागे. साठा तपासून झाला आणि चहा आला, की माझे प्रश्न सुरू होत. एका वयस्कर टर्नरना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी हातातला पोलादी गज माझ्यापुढे धरला. ‘‘साहेब, त्रिज्या मोजायची तर व्हर्निअरचा एक जबडा बाहेरून लावायचा आणि दुसरा मध्ये. मध्ये कसा घालू? पोलाद आहे हे.’’ मग त्यांनी शेजारचा पाइपचा तुकडा उचलला. ‘‘आणि ह्याचं सेंटर तर हवेत!’’

सगळं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं. वहीत केंद्र आधी असतं आणि वर्तुळ मागून येतं. कारखान्यात वर्तुळ आधी हाती येतं आणि केंद्र शोधावं लागतं. जे हाताने धरता येतं ते मोजायचं, या न्यायाने तिथे व्यास मोठा झाला.

या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्यांची भाकरी या व्यासावर भाजली गेली आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि माळरानांवर प्लॉट पडले. त्याच दशकात ट्रक, स्कूटर आणि बेअरिंग यांचे कारखाने इथे उभे राहिले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो गाळे भोवती वाढले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणला गेले. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाशेजारी १९९९ साली बजाजचा आणि २००९ साली फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला.

तरीही याच घरांमधून एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. मुलगी वर्तुळाची उदाहरणं सोडवत बसलेली असते. कुठेतरी अडते आणि वही बाबांकडे सरकवते. सेकंड शिफ्टला निघालेले बाबा म्हणतात, ‘‘मला नको विचारू बाई, माझं गणित कच्चं आहे.’’ हे बाबा आठ तास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झुंजणार असतात. त्यांचं गणित खरंच कच्चं आहे का, ते आपण बघू.

समजा, त्यांना ५२ मिलिमीटर डायाचा गज ५० मिलिमीटरवर आणायचा आहे. लेथवर टूल किती पुढे घ्यायचं? दोन मिलिमीटर घेतलं तर जॉब गेला भंगारात. घ्यायचं एकच मिलिमीटर. जॉब स्वतःभोवती फिरत असल्यामुळे टूल एका बाजूला असूनही चहूकडून सारखंच खातं आणि व्यास दोनाने उतरतो. म्हणजे टूल त्रिज्येवर चालतं आणि ड्रॉइंग व्यासात बोलतं. त्यातही काही लेथच्या डायलवर खुणा त्रिज्येच्या हिशेबाने असतात, काहींवर व्यासाच्या. मशीन बदललं की जाणता टर्नर हे आधी तपासून घेतो. वर्गातला ‘व्यास म्हणजे त्रिज्येची दुप्पट’ हा सरळ नियम इथे रोज पैसे वाचवतो किंवा घालवतो.

आता वेग. तो परीघ ठरवतो. ५० मिलिमीटर डायाच्या गजाचा परीघ सुमारे १५७ मिलिमीटर. मिनिटाला ४०० फेरे दिले तर टूलच्या टोकाखालून मिनिटाला जवळजवळ ६३ मीटर लोखंड सरकतं. त्याच फेऱ्यांवर १०० मिलिमीटरचा गज लावला तर तेच लोखंड सव्वाशे मीटरच्या पुढे जाईल, टूल तापेल आणि त्याची धार बसेल. म्हणून डाया दुप्पट झाला की टर्नर फेरे निम्मे करतो. त्रिज्या, व्यास आणि परीघ हे तिघे असे एका मिनिटात त्याच्या हाताखालून जातात. सूत्र म्हणा म्हटलं तर कदाचित तो गप्प बसेल. हात मात्र चुकत नाही.

याहून अवघड प्रसंग येतो तो मोडक्या तुकड्याचा. एखाद्या जुन्या यंत्राची पुली फुटते. ड्रॉइंग कुणाजवळ नसतं, ती बनवणारा कारखाना कधीच बंद झालेला असतो आणि गिऱ्हाईक पिशवीतून काठाचा एक तुकडा काढून म्हणतं, ‘‘अशीच नवी करून द्या.’’ अर्धं वर्तुळसुद्धा हातात नाही, मग डाया आणायचा कुठून?

मिस्त्री तुकड्याच्या कमानीवर दोन खुणा करतात आणि त्यांच्यामधलं सरळ अंतर मोजतात. समजा ते १२० मिलिमीटर भरलं. मग त्या सरळ रेषेच्या बरोबर मध्यापासून कमान किती उंच आहे ते मोजतात. समजा २० मिलिमीटर. आता १२०चे निम्मे ६०. साठाचा वर्ग ३,६००. त्याला २०ने भागलं की १८०. त्यात पुन्हा २० मिळवले की २००. पुलीचा डाया २०० मिलिमीटर. केंद्र कुठे होतं याचा पत्ता नसताना पूर्ण वर्तुळ परत आलं.

ही युक्ती कुणा परदेशी हस्तपुस्तिकेतली नवलाई नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, हाच नियम आहे. तिथे कमानीच्या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेला धनुष्याच्या दोरीवरून जीवा म्हटलं आहे आणि मधल्या उंचीला शर, म्हणजे बाण. निम्म्या जीवेचा वर्ग करा, शराने भागा, शर मिळवा, व्यास येतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ उभारल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या मठातला विद्यार्थी आणि भोसरीचे मिस्त्री एकमेकांना भेटले, तर धनुष्यबाणाच्या या एका नियमावर त्यांची भाषा लगेच जुळेल.

आणखी एक गंमत आहे. व्यासावरून परीघ काढायला भास्कराचार्यांनी दोन गुणोत्तरं दिली. एक बावीस सप्तमांश, जे स्थूल असलं तरी व्यवहाराला पुरेसं आहे असं ते सांगतात. दुसरं सूक्ष्म, ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६. त्याच्याही आधी आर्यभटाने ४९९ साली व्यास २०,००० धरला तर परीघ ६२,८३२ सांगितला होता. हेही तेच ३.१४१६, आणि हे जवळपासचं उत्तर आहे अशी पुस्तीही त्याने जोडली होती. आता हे आकडे आजच्या कारखान्यात नेऊन बघा. १०० मिलिमीटर डायाच्या जॉबचा परीघ बावीस सप्तमांशाने काढला, तर मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी चूक राहते. शाळेला ती चालते, बेअरिंगला चालणार नाही. ३.१४१६ने काढला तर चूक एका मायक्रॉनच्याही आत राहते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चाकणच्या आजच्या कामालाही पुरेल एवढा बारीक हा आकडा आहे. आणि दोघांनीही सुरुवात व्यासापासूनच केली आहे, टर्नरसारखी.

परिघाचा खरा मालक मात्र चाकवाला. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणारा गावचा लोहार आधी चाकाचा घेर मोजायचा. धाव त्याहून जरा आखूड ठेवायची, गोवऱ्यांच्या आरात लालभडक करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. वाफेचा लोट उठायचा, धाव आवळायची आणि चाकाचे सगळे सांधे करकचून बसायचे. हिशेब असा, की लोखंड दर अंशाला लाखातल्या सव्वा भागाएवढं वाढतं. चाक १.४ मीटर व्यासाचं असेल तर घेर ४.४ मीटर. पाचशे अंशांनी तापवल्यावर धावेची लांबी अडीच सेंटिमीटरहून थोडी जास्त वाढते. व्यासात तेच वाढणं आठ मिलिमीटरहून थोडं जास्त होतं, कारण घेर जितका वाढेल त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढाच व्यास वाढतो. लोहाराचा अंदाज या आकड्यांच्या आतबाहेर फारसा जात नसे.

आज कारखान्यात फिटर शाफ्टवर बेअरिंग चढवतो तेव्हा हेच करतो. गोवऱ्यांच्या जागी विजेचा हीटर आला आहे. शंभर मिलिमीटर बोअरचं बेअरिंग ऐंशी अंशांनी तापवलं की बोअर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाढतो. तेवढ्यात ते शाफ्टवर सरकवायचं. थंड झालं की ते आपोआप घट्ट आवळतं. घाईत हातोडा मारायचा नाही आणि हीटर सोडून जायचं नाही, एवढंच पथ्य.

कामगारांची सायकल घ्या. एकेकाळी पाळी सुटल्यावर मुंबई-पुणे रस्ता सायकलींनी भरून वाहत असे. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या जरासा आत, म्हणून एका किलोमीटरला साडेचारशे फेरे. नंतर स्कूटर आली. तिचं चाक टायरसकट सतरा इंचांचं, म्हणून त्याच किलोमीटरला सातशेहून अधिक फेरे. चाक लहान झालं की बेअरिंगला कष्ट जास्त.

इथपर्यंत व्यास आणि परीघ यांच्यावर सगळं ठीक चाललं आहे. आता ज्या गोष्टीने मला हा विषय कायमचा चिकटला ती सांगतो.

आमच्या शाखेचा एक खातेदार पिना बनवून देत असे. साध्या, गोल, वीस मिलिमीटर डायाच्या. एकदा त्याचा अख्खा लॉट कंपनीने परत पाठवला. शेरा होता, ‘गोल नाही’. बिल अडकलं, ग्राइंडिंग मशीनचा हप्ता थकला आणि तो माझ्यासमोर येऊन बसला. खिशातून एक पिन काढली, मायक्रोमीटर लावला. वीस. पिन थोडी फिरवून पुन्हा लावला. वीस. आणखी फिरवली. वीसच. ‘‘बघा साहेब, कुठूनही मोजा. डाया सगळीकडे एक. मग गोल कशी नाही?’’ तो रडवेला झाला होता. गाळ्यात चार माणसं होती, त्यांचा पगार व्हायचा होता, आणि कंपनी आपल्याला मुद्दाम छळते आहे अशी त्याची खात्री झाली होती.

कोडं सोडवलं ते इन्स्पेक्शनमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. त्यांनी पिन इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेच्या ठोकळ्यात ठेवली, वर डायल टेकवला आणि पिन हळूहळू फिरवली. डायलची सुई डोलायला लागली. एका फेऱ्यात तीनदा पुढे, तीनदा मागे. पिनेला तीन अगदी सूक्ष्म उंचवटे होते आणि प्रत्येक उंचवट्याच्या बरोबर समोर तेवढाच खोलगटपणा. मायक्रोमीटर समोरासमोरचे दोन बिंदू पकडतो. एका बाजूला जेवढं वाढलं तेवढंच दुसऱ्या बाजूला घटलं, म्हणून बेरीज कायम वीसच. वीसच्या जेमतेम मोठ्या गोल भोकात मात्र ती पिन जाईना, कारण भोकाला तिन्ही उंचवटे एकदम लागत होते.

दोष होता सेंटरलेस ग्राइंडिंगच्या मांडणीत. या यंत्रात जॉब मध्यावर धरलेला नसतो. दोन चाकांमध्ये एका पट्टीवर तो नुसता टेकलेला असतो. नावातच सांगितलंय, सेंटर नाही. जॉबचा मध्य दोन्ही चाकांच्या मध्यांच्या रेषेत आला, तर एका बाजूचा उंचवटा दुसऱ्या बाजूला खोलगट भाग पाडतो आणि हा तीन टोकांचा लपंडाव सुरू होतो. पट्टी थोडी उंच करून जॉब त्या रेषेच्या वर ठेवावा लागतो. तो लॉट भंगारात गेला तो गेलाच. हप्त्याला मुदत मिळाली, पट्टी उंच झाली आणि पुढचे लॉट पास होत राहिले.

असे आकार गणितात प्रसिद्ध आहेत. जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो याच्या नावाने त्यांतला एक ओळखला जातो. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर कंपास ठेवून उरलेल्या दोन कोपऱ्यांना जोडणारी कमान काढली की तो तयार होतो. फुगलेल्या समोशासारखा दिसतो, पण कुठूनही मोजा, रुंदी एकच. इंग्लंडने १९६९ साली काढलेलं पन्नास पेन्सचं सात बाजूंचं नाणं याच जातीचं. त्याची रुंदी सगळीकडून सारखी असल्यामुळे नाण्यांच्या यंत्रांना ते ओळखता येतं. आणि परीघ? तिथेही फसगत. बार्बिए या फ्रेंच गणितज्ञाने १८६० साली दाखवून दिलं, की सर्व बाजूंनी एकच रुंदी असलेल्या कोणत्याही आकाराचा परीघ त्याच रुंदीच्या वर्तुळाएवढाच भरतो. म्हणजे पिनेभोवती टेप गुंडाळली असती तरी उत्तर बरोबरच आलं असतं.

मोठमोठ्यांना हे चकवतं. १९८६च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळून सात अंतराळवीर गेले. थंडीमुळे रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं ताठरलं, हे त्याचं कारण. चौकशी समितीत रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. रॉकेटचे भाग गोल आहेत की नाहीत हे तीन ठिकाणचे व्यास मोजून ठरवतात, असं चौकशीच्या काळात त्यांना कळलं. तीन व्यास सारखे आले म्हणून वस्तू गोल ठरत नाही, हे त्यांनी लगेच निदर्शनाला आणलं. आमच्या खातेदाराचीही नेमकी हीच अडचण होती.

मग गोलपणा ठरतो कशावरून? व्यासाने नाही, परिघानेही नाही. शाळेच्या पुस्तकातली व्याख्या आठवा. एका बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या बिंदूंचा संच. म्हणजे त्रिज्या! आज मोठ्या कारखान्यांच्या मोजमापाच्या खोलीत, वीस अंश तापमानात, पिन एका फिरत्या तबकडीवर ठेवतात. एक नाजूक सुई तिच्या अंगाला टेकते आणि एका फेऱ्यात केंद्रापासूनचं अंतर कुठे किती बदललं याचा आलेख काढते. दिवसभर जिचं नाव कुणी घेत नाही, तीच शेवटचा निकाल देते.

म्हणून शाळेतलं वर्तुळ आणि कारखान्यातलं वर्तुळ यांचं भांडण लावायचं कारण नाही. पुस्तक सांगतं वर्तुळ म्हणजे काय, कारखाना सांगतो ते हाती कसं लागतं. वाईट एवढंच वाटतं, की पहिल्याला आपण गणित म्हणतो आणि दुसऱ्याला नुसतं काम. त्यामुळे जीवा आणि शर रोज वापरणारा बाप मुलीच्या वहीसमोर बिचकतो आणि मुलीलाही वाटतं, की ही उदाहरणं परीक्षेपलीकडे कुठे लागत नाहीत.

आज रविवार आहे. जेवणाची ताटं घासून झाली की एक गोल ताट घ्या. या पुरवणीच्या पानाचा कोपरा, म्हणजे काटकोन, ताटाच्या काठावर आतून टेकवा. पानाच्या दोन कडा ताटाचा काठ जिथे जिथे ओलांडतील तिथे खुणा करा आणि त्या जोडा. तो व्यास. कोपरा दुसऱ्या जागी टेकवून पुन्हा करा. दोन रेषा जिथे छेदतील ते केंद्र. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय मुलांना त्यांच्या पुस्तकात मिळेल. आणि घरात कुणी लेथवर काम करत असेल, तर कागदावर एक कमान काढून त्यांच्यापुढे ठेवा. केंद्र दाखवू नका. फक्त विचारा, डाया किती?